कार्बोरंडम म्हंजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, कुपवाड, मिरज या पट्ट्यात हार्डवेअरच्या काउंटरवर "कार्बोरंडम द्या" म्हणणारी माणसं रोज येतात आणि गंमत अशी की प्रत्येकाला वेगळंच काहीतरी हवं असतंय. फरशीवाल्याला पॉलिशच्या वड्या, इंजिन मेस्त्रीला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, ऊसवाल्या मामांना कोयत्याचा दगड, टर्नरला हिरवं व्हील, म्हंजे घासायचं फिरतं चाक. चौघांचंही बरोबर असतंय, पण चौघांना एकच वस्तू दिली तर चौघंही भांडायला परत येणार. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच लिहून काढलेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर व्हीलवरच्या अक्षरांचा प्रश्न आणि व्हील फुटण्याचा प्रश्न एवढे दोन तरी वाचा.

कार्बोरंडम म्हंजे काय, सोप्या भाषेत सांगा ना

सिलिकॉन कार्बाइड. वाळूतलं सिलिकॉन आणि कोळशातला कार्बन विजेच्या भट्टीत एकत्र करून बनवलेला कृत्रिम पदार्थ. भयंकर कडक आणि कडा धारदार, म्हणून दुसऱ्या वस्तू घासायला, कापायला, धार लावायला वापरतात. दगड, व्हील, पेपर, पेस्ट, पावडर ही सगळी त्याचीच रूपं, आत दाणा तोच.

मग हे कार्बोरंडम नाव कुठून आलं?

अमेरिकेत एडवर्ड गुडरिच ॲचेसन नावाचा माणूस होता, आधी एडिसनकडे काम केलेला. १८९१ साली पेनसिल्व्हेनियात तो कृत्रिम हिरा बनवायच्या नादाला लागला होता. लोखंडी भांड्यात चिकणमाती आणि कोक (भाजलेला कोळसा) यांचा चुरा घातला, मधे कार्बनची कांडी खोचली आणि जोरात करंट सोडला. थंड झाल्यावर बघतो तर कांडीच्या आजूबाजूला बारीक चमकणारे खडे, काचेवर ओढले तर काच कापतायत. हिरा काय ते नव्हते, पण कामाचे होते. त्याला वाटलं की हे कार्बन आणि मातीतल्या ॲल्युमिनाचं (ॲल्युमिनियम ऑक्साइडचं) काहीतरी मिश्रण असणार, आणि ॲल्युमिनाचा कडक नैसर्गिक खडा म्हंजे कोरंडम, म्हणून कार्बन अधिक कोरंडम बरोबर कार्बोरंडम. नंतर तपासल्यावर कळलं की ॲल्युमिनाचा काही संबंधच नाही, तो सिलिकॉन आहे. पण तोवर नाव पडून गेलेलं, आणि फेब्रुवारी १८९३ ला पेटंटही मिळालं. सुरुवातीला हा माल रत्नांना पैलू पाडणारे लोक घ्यायचे आणि चक्क कॅरटच्या भावानं विकला जायचा, आज त्याचीच वड्या करून आपण जिना घासतो.

म्हंजे कार्बोरंडम हे मूळचं कंपनीचं, ट्रेडमार्कचं नाव. डालडा म्हटलं की सगळं वनस्पती तूप, तसं हे झालं.

मराठीत ह्याला काय म्हणायचं? शाळेच्या प्रोजेक्टला पाहिजे

प्रोजेक्टला "सिलिकॉन कार्बाइड" लिहा, कंसात "कार्बोरंडम" चालेल. घासणाऱ्या पदार्थांना एकत्रित शब्द "अपघर्षक" असा आहे, विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत तोच सापडेल आणि साताऱ्यातली पोरं असतील तर वाईला विश्वकोशाचं ऑफिसच आहे, तिथल्या नोंदींची भाषा बघून घ्या. पण दुकानात येऊन "अपघर्षक द्या" म्हणालात तर काउंटरवरचा पोरगा तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.

"कुरुंद" हा जुना मराठी शब्द आहे, पण तो कोरंडमसाठी, कार्बोरंडमसाठी नाही. आणि इंग्रजीतला कोरंडम हा शब्दच मुळात आपल्याकडून गेलाय, तमिळमधला कुरुंदम आणि संस्कृतातला कुरुविंद, त्यातून आलेला. म्हंजे साहेबानं नाव ठेवलं त्यातलं अर्धं आपलंच.

कुरुंद, एमरी, कार्बोरंडम हे तिन्ही एकच ना?

नाही, आणि घोळ सगळा इथंच होतोय.

कुरुंद म्हंजे कोरंडम, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा नैसर्गिक खडा, माणिक आणि नीलम हे त्याचेच रंगीत भाऊ. एमरी म्हंजे कोरंडममध्ये लोहखनिज मिसळलेला काळसर दगड, तोही नैसर्गिक, ग्रीसच्या नॅक्सोस बेटावरचा प्रसिद्ध. कार्बोरंडम पूर्ण कृत्रिम, भट्टीतून निघालेलं. त्यात आणखी चौथा गडी आहे तो म्हंजे कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइड, बॉक्साइट वितळवून केलेला, आणि खरं सांगायचं तर तुमच्या वर्कशॉपमधली निम्म्याहून जास्त व्हीलं ह्या चौथ्याची असतात पण लोक सगळ्यालाच कार्बोरंडम म्हणतात.

पिठाच्या गिरणीचे जे तयार दगड येतात त्यांना एमरीचे दगड म्हणतात, एमरीचा चुरा आणि मॅग्नेशियमचं सिमेंट ओतून ते बनवतात. त्याला टाकी लावायला, म्हंजे खाचा पाडायला, छन्नी-हातोडाच लागतो, त्यासाठी कार्बोरंडमची वडी घेऊन जाऊ नका.

किती कडक असतंय?

मोह्सच्या मापात (कडकपणाचं माप) हिरा १०, कार्बोरंडम ९ ते ९.५, कुरुंद ९, आणि साधी वाळू म्हंजे क्वार्ट्झ ७. आकडे जवळजवळचे दिसतात पण हे माप फक्त कोण कोणावर ओरखडा काढतो एवढंच सांगतं. ९ आणि १० मधलं अंतर प्रत्यक्षात लई मोठं आहे, हिरा कार्बोरंडमच्या दुपटीहून जास्त कडक भरतो.

पण नुसतं कडक असून भागत नाही. कार्बोरंडम ठिसूळ आहे, दाबाखाली दाणा फुटतो आणि फुटला की नवीन धारदार कड बाहेर येते. हा दोष वाटतो पण धंद्याच्या दृष्टीनं हाच गुण, दाणा फुटलाच नाही तर बोथट होऊन नुसता चोळत बसतो.

बनवतात कसं?

सिलिका वाळू आणि पेट्रोलियम कोक यांचा लांबलचक ढीग रचतात, मधून ग्राफाइटचा गाभा जातो, दोन्ही टोकांना विजेची जोडणी. करंट सोडला की गाभ्याजवळ अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापमान जातं, साधारण दीड दिवस तापवतात आणि मग थंड व्हायला आणखी कितीतरी दिवस. वाळूतला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो आणि गाभ्याभोवती स्फटिकांची जाड नळी तयार होते. ती फोडायची, दळायची, चाळायची, नंबराप्रमाणे वेगळी करायची. ह्या भट्टीला आजही ॲचेसन फर्नेसच म्हणतात.

वीज मात्र प्रचंड खाते, किलोला सात-आठ युनिटच्या आसपास. म्हणूनच ॲचेसननं १८९५ मध्ये कारखाना नायगाराच्या धबधब्यापाशी हलवला. आपल्याकडची कार्बोरंडम युनिव्हर्सल, १९५४ साली मद्रासमध्ये सुरू झालेली, तिनं केरळात मणियारला स्वतःचा १२ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा केलाय, ते उगीच नाही.

काळा आणि हिरवा यात फरक काय?

हिरवा जास्त शुद्ध, जास्त ठिसूळ, जास्त धारदार. काळा थोडा कमी शुद्ध पण जरा चिवट. लेथवरच्या कार्बाइड टिप टूलला धार लावायची असेल तर हिरवं व्हील. बीड (कास्ट आयर्न), पितळ, दगड, काच, रबर यांना काळं. हिरवं महाग असतंय म्हणून "चांगलंच असणार" म्हणून सगळ्याला हिरवं लावणारे लोक आहेत, पैसे वाया.

व्हीलवर अक्षरं आणि आकडे लिहिलेले असतात त्याचा अर्थ काय?

हा प्रश्न जो विचारतो त्याला मी चहा पाजायला तयार आहे, कारण बाकीचे सगळे "मोठं द्या, चांगलं द्या" एवढंच म्हणतात.

समजा व्हीलच्या कागदावर "ए ६० के ५ व्ही" असं आहे.

पहिलं अक्षर दाण्याचं. ए म्हंजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, सी म्हंजे सिलिकॉन कार्बाइड. डब्ल्यूए पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइड, जीसी हिरवं कार्बोरंडम. म्हंजे कार्बोरंडम आहे का नाही हे रंगावरून किंवा दुकानदाराच्या शब्दावरून ठरवायचं नाही, ह्या अक्षरावरून ठरवायचं. सी दिसला तरच कार्बोरंडम.

मग आकडा, ६०, तो दाण्याचा नंबर. आकडा मोठा तेवढा दाणा बारीक.

पुढचं अक्षर के, हे ग्रेड. इथं भले भले फसतात, कारण हे दाण्याचा कडकपणा सांगत नाही, दाणे किती घट्ट धरून ठेवलेत ते सांगतं. ए पासून झेडकडे जाल तसं व्हील घट्ट होत जातं. नियम उलटा आहे, कडक मालाला मऊ व्हील आणि मऊ मालाला कडक व्हील. कारण कडक मालावर दाणे लवकर बोथट होतात, ते सुटून पडले पाहिजेत तरच नवीन दाणे पुढं येणार, घट्ट व्हीलमध्ये ते सुटत नाहीत आणि व्हील चकचकीत होऊन नुसतं जाळत बसतं. टूलची कड निळी पडली की समजायचं काहीतरी चुकतंय.

५ म्हंजे दाण्यांत अंतर किती, आकडा वाढेल तसं व्हील मोकळं. शेवटचं व्ही म्हंजे बाँड, दाणे चिकटवून धरणारा मसाला, व्ही असेल तर चिनीमातीसारखा भाजलेला विट्रिफाइड, बी असेल तर रेझिन, आर असेल तर रबर. बेंच ग्राइंडरवरचं बहुतेक व्ही असतंय, हँड ग्राइंडरचं कटिंग व्हील बी. बीएफ लिहिलं असेल तर आत फायबरची जाळी पण आहे.

कार्बोरंडम एवढं कडक, मग लोखंडाला ए वालं व्हील का देता?

लोखंड आणि पोलाद यांना कार्बनची ओढ असते. ग्राइंडिंग करताना ठिणगीच्या जागी तापमान भयंकर चढतं आणि त्या तापमानाला कार्बोरंडमच्या दाण्यातला कार्बन पोलादात शिरायला लागतो, दाण्याची कड वितळल्यासारखी गोल होते. कागदावर कार्बोरंडम कुरुंदापेक्षा कडक असूनही पोलादावर ते आधी झिजतं. एमएसच्या (साध्या मऊ पोलादाच्या) पट्टीवर सी वालं व्हील चालवून बघा, ठिणग्या भरपूर उडतील, व्हील सरसर बारीक होईल आणि पट्टी मात्र जिथल्या तिथं. ॲल्युमिनियम ऑक्साइडला हा त्रास नाही, म्हणून पोलादाला ए.

हिऱ्याचंही हेच दुखणं आहे बरं का, तोही कार्बनच. म्हणून कडक केलेल्या पोलादाच्या ग्राइंडिंगला सीबीएन वापरतात, बोरॉन आणि नायट्रोजनचा कृत्रिम पदार्थ, १९५७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉबर्ट वेंटॉर्फनं बनवलेला. महाग प्रकरण आहे, साध्या फॅब्रिकेशनवाल्यानं त्याच्या वाटेला जायची गरज नाही.

मग बीडाला कसं चालतं? बीड पण लोखंडच की

चांगला प्रश्न. बीडात आधीच दोन ते चार टक्के कार्बन भरलेला असतो, त्यामुळं त्याला दाण्यातला कार्बन ओढून घ्यायची तेवढी हाव नसते, आणि बीडाचा कीस लांब न निघता चुरा होऊन पडतो. म्हणून फाउंड्रीतल्या कास्टिंगच्या फेटलिंगला, म्हंजे ओतीव माल घासून साफ करायला, सी चालतं. आपल्याकडं किर्लोस्करवाडीला १९१० पासून बीडाची कामं चालू आहेत, लोखंडी नांगरांपासून पंपांपर्यंत, त्या पट्ट्यात आणि कुपवाडच्या फाउंड्र्यांत काम केलेल्या जुन्या माणसांना हे पुस्तकात वाचावं लागत नाही, ठिणगी बघून सांगतात.

कोयत्याला, सुरीला कार्बोरंडमचा दगड चालतो का? आत्ताच म्हणालात पोलादाला चालत नाही

चालतो, बिनधास्त. वरचा नियम वेगानं फिरणाऱ्या व्हीलचा आहे, सगळा खेळ तापमानाचा. हातानं दगडावर घासताना ती उष्णता तयारच होत नाही, त्यामुळं कोयता, विळा, विळीचं पातं, द्राक्षाच्या छाटणीची कात्री सगळ्याला चालतंय. बाजारात दोन रंगांचा लांबट दगड मिळतो, एक बाजू जाड एक बारीक. आधी जाड बाजूवर, बोटानं हलकं चाचपलं तर पात्याच्या दुसऱ्या अंगाला बारीक खरखरीत पालव जाणवली पाहिजे, ती पूर्ण लांबीभर आली की पलटायचं, मग बारीक बाजूवर दाब कमी करत करत पालव काढून टाकायची. पालव न येताच पलटणारे लोक मग म्हणतात दगड भिकार आहे.

सुरीला कोन बारीक ठेवा, दगडापासून पंधरा-वीस अंश. कोयत्याला जास्त ठेवायला लागतो, उसाच्या बुडख्यावर दणके खायचे असतात त्याला, बारीक धार लगेच मुडपते.

एक विनंती, कोयता बेंच ग्राइंडरवर लाल होईपर्यंत दाबू नका. धार दिसायला छान येते पण पोलादाचं पाणी उतरतं आणि दुसऱ्याच दिवशी बोथट.

दगडावर पाणी घालायचं की तेल?

दोन्ही चालतं पण एकदा तेल घातलं की त्या दगडाला परत पाणी नको. मी पाणीच सांगतो, स्वस्त आणि धुवायला सोपं. कोरडा मात्र वापरू नका, लोखंडाचा चुरा छिद्रांत बसतो आणि दगड काळा, गुळगुळीत होतो.

दगडाला मधे खड्डा पडला तर जाड काचेवर कार्बोरंडमची पावडर आणि पाणी टाकून त्यावर दगड आठच्या आकड्यात फिरवायचा, सपाट होतो.

पेपरचा नंबर कसा निवडायचा? आणि पी लिहिलेला पेपर वेगळा असतो का?

गंज, जुना रंग काढायला ६०-८०. लाकूड सारखं करायला १२०, मग २२०. रंगाच्या दोन हातांच्या मधे ३२०-४००. गाडीच्या पॉलिशला १००० च्या पुढं. एकदम ८० वरून ४०० वर उडी मारू नका, ८० चे ओरखडे ४०० नं जात नाहीत, फक्त चमकतात आणि रंग मारल्यावर सगळे दिसतात.

पी हे युरोपियन मापाचं अक्षर. २२० पर्यंत दोन्ही मापं जवळपास सारखी, त्याच्यापुढं फाटतात. पी १२०० म्हंजे जुन्या अमेरिकन मापातला साधारण ६००. त्यामुळं एकाच कामात दोन्ही जातींचे पेपर मिसळू नका.

वॉटर पेपर आणि साधा पॉलिश पेपर?

काळा वॉटर पेपर बहुतेक वेळा सिलिकॉन कार्बाइडचा, डिंकाऐवजी पाण्यानं न सुटणाऱ्या रेझिननं चिकटवलेला. पाणी लावून घासलं की चुरा वाहून जातो, पेपर चोक होत नाही, धूळ उडत नाही. गाडीचं पुट्टी-प्रायमर, काचेच्या कडा, ॲक्रिलिक ह्याला एक नंबर.

लाकडाला मात्र कोरडा पेपर. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कोणी बसून तानपुऱ्याचा भोपळा घासताना बघितलाय का, हात गोलाईबरोबर वळत जातो, पेपर बोटांत दुमडलेला, आणि मधेच थांबून तळवा फिरवून बघतात, डोळ्यावर विश्वास नाही. लाखेच्या पॉलिशवर पाणी मारून वॉटर पेपर चालवू नका, पांढरे डाग पडतात, बारीक पेपर कोरडाच आणि हलका.

मोझॅक फरशीच्या पॉलिशला किती नंबरच्या वड्या लागतात?

साधारण तीन हात. पहिला ६० च्या आसपास, दुसरा १२०, तिसरा ३२०. पहिल्या हातानंतर फरशीत जी बारीक भोकं दिसतात ती सिमेंटच्या लपेटानं भरायची आणि लपेट पक्का व्हायला दिवस द्यायचे, इथंच घाई होते. पाणी सतत पाहिजे. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर. ठेकेदार मधला हात गाळतो का बघा, लगेच कळत नाही, पहिल्या दिवाळीत तिरप्या उजेडात गोल गोल रेघा दिसायला लागतात.

ग्रॅनाइटला ह्या वड्यांवर वेळ घालवू नका, डायमंड पॅड घ्या.

इंजिनाची व्हॉल्व्ह घासायची पेस्ट म्हंजे पण हेच का?

हो. कार्बोरंडमची पावडर ग्रीसमध्ये कालवलेली, बऱ्याच डब्यांत एका बाजूला जाड एका बाजूला बारीक. व्हॉल्व्हच्या तोंडाला थोडीशी लावायची, काडीनं अर्धा फेरा इकडं अर्धा फेरा तिकडं, मधे मधे उचलून जागा बदलायची, सगळीकडं सारखी राखाडी पट्टी दिसली की पुरे. नंतर डिझेलनं इतकं धुवा की शंका राहायला नको, पेस्टचा एक कण जरी व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये (दांडी सरकते त्या नळीत) किंवा सिलिंडरमध्ये राहिला तर तो तिथंही घासतच बसणार.

आंबे पिकवायचं कार्बाइड तेच हे?

अजिबात नाही. ते कॅल्शियम कार्बाइड, पाणी लागलं की ॲसिटिलीन गॅस सुटतो, गॅस वेल्डिंगवाले वापरतात. फळं पिकवायला त्याच्यावर कायद्यानं बंदी आहे. लेथच्या टूलवरचं कार्बाइड म्हंजे टंगस्टन कार्बाइड, ते तिसरंच. नुसतं "कार्बाइड" म्हणून माल मागवू नका, पुढचं-मागचं पूर्ण नाव सांगा.

ॲल्युमिनियम बेंच ग्राइंडरवर घासलं तर चालेल का?

नको. मऊ धातू व्हीलच्या छिद्रांत भरतो, व्हील कापायचं थांबतं, तापतं, आणि तापलेलं भरलेलं व्हील तडकू शकतं. जाड दाण्याचं सी व्हील किंवा फ्लॅप डिस्क (पेपरच्या पाकळ्यांची चकती) वापरा. व्हील आधीच भरलं असेल तर ड्रेसरनं, म्हंजे व्हील खरवडायच्या हत्यारानं, तोंड काढून घ्या.

व्हील खरंच फुटतं का?

फुटतं, आणि तुकडे गोळीसारखे जातात, ह्या एका विषयात चेष्टा नको.

विट्रिफाइड व्हील बसवायच्या आधी वाजवून बघायचं. भोकात बोट किंवा खिळा घालून लटकवायचं, लाकडी मुठीनं हलकं ठोकायचं, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा आहे, फेकून द्या, दुकानदाराला परत द्या, काहीही करा पण लावू नका. रेझिनचं व्हील तेवढं खणखणत नाही, ते नजरेनं तपासा. दोन्ही बाजूचे कागदी गोल काढू नका, ते शोभेचे नाहीत, फ्लँजचा (व्हील दोन्हीकडून धरणाऱ्या चकत्यांचा) दाब सारखा बसावा म्हणून आहेत. नट मरेस्तोवर आवळू नका. चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहा. टूल रेस्ट (वस्तू टेकवायची पट्टी) आणि व्हीलमध्ये ३ मिलीमीटरपेक्षा जास्त फट नको, वस्तू आत ओढली जाते.

आता वेगाचं गणित. ६ इंची व्हील २८५० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) बेंच ग्राइंडरवर कडेला सेकंदाला साधारण २२ मीटर जातं, विट्रिफाइड व्हीलवर मर्यादा ३३-३५ मीटरच्या आसपास लिहिलेली असते, आरामात बसलं. तेच ६ इंची व्हील कोणी गार्ड काढून ११००० आरपीएमच्या हँड ग्राइंडरवर लावलं तर ८६ मीटर! तरी असे बहाद्दर आहेत. हँड ग्राइंडरचं ४ इंची कटिंग व्हील ८० मीटरपर्यंत चालेल असं बनवलेलं असतं आणि मशिनवर ते ५८ च्या आसपास जातं, म्हणून ते सुरक्षित. व्हीलवरचा आरपीएम मशिनच्या आरपीएमपेक्षा जास्त पाहिजे, एवढं तपासलं तरी निम्मं काम झालं.

कटिंग व्हीलच्या चपट्या बाजूनं घासू नका. चष्मा लावा. हातमोज्याचे लोंबते धागे, गळ्यातला गमछा, बाहीचं बटण सगळं आवरून घ्या.

धुळीनं काही होतं का?

व्हीलच्या धुळीपेक्षा ज्याला घासताय त्याची धूळ जास्त वाईट. दगड, काँक्रीट, ग्रॅनाइट कोरडं कापलं की सिलिकाची अतिबारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. पाणी मारून कापा. तोंडाला रुमाल बांधणं म्हंजे मनाचं समाधान, एन ९५ तरी घाला.

घासण्याशिवाय कार्बोरंडमचा काही उपयोग?

लई आहे, आणि मला वाटतं हीच जास्त मजेशीर बाजू. १९०६ मध्ये हेन्री डनवुडी या अमेरिकन अधिकाऱ्यानं कार्बोरंडमचा खडा रेडिओचा सिग्नल पकडायला वापरला. पुढच्याच वर्षी एच. जे. राउंड नावाच्या इंग्रज माणसानं त्या खड्यात करंट सोडला तर खडा पिवळसर उजळला, म्हंजे एलईडीचा उजेड पहिल्यांदा दिसला तो ह्या घासायच्या दगडात. आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या चिप येतायत, कारण जास्त व्होल्टेज आणि तापमान झेपतं आणि वीज कमी वाया जाते. विजेच्या खांबांवरचे जुने लाइटनिंग अरेस्टर (आभाळातल्या विजेपासून वाचवणारे) ह्याचेच होते, नंतर झिंक ऑक्साइड आलं. भट्ट्यांतले तापणारे दांडे ह्याचे असतात. आणि पंपाच्या मेकॅनिकल सीलचं (पाणी गळू न देणाऱ्या भागाचं) चकचकीत काळं तोंडही बऱ्याचदा सिलिकॉन कार्बाइडचं असतं, गाळाच्या पाण्यात ते टिकतं. ते सील बसवताना हातातून पडलं तर काचेसारखं तुटतंय, जपून.

सराफाकडं मोइसनाइट म्हणून हिऱ्यासारखा खडा दाखवतात, तो?

तोच पदार्थ, सिलिकॉन कार्बाइड, फक्त शुद्ध आणि पारदर्शक वाढवलेला. फ्रेंच शास्त्रज्ञ हेन्री मोइसान याला १८९३ मध्ये ॲरिझोनातल्या उल्केच्या तुकड्यात तो नैसर्गिक सापडला, आधी त्यालाही हिराच वाटला, १९०४ मध्ये खरं काय ते कळलं. दागिन्यातला मात्र प्रयोगशाळेतला. खडा छान असतो, हिऱ्यापेक्षाही जास्त चमकतो, पण हिऱ्याच्या भावात घेऊ नका.

व्हीलला एक्सपायरी असते का? पावसाळ्यात खराब होतं का?

रेझिनच्या कटिंग आणि ग्राइंडिंग डिस्कला असते. मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना आणि साल ठोकलेलं असतं, साधारण बनवल्यापासून तीन वर्षं. ओल लागली की रेझिन कमजोर होतं, त्यामुळं महाबळेश्वर, कोयना, पाटण असल्या पावसाच्या भागात साइटवर उघड्यावर ठेवलेल्या डिस्क दुसऱ्या हंगामाला वापरायच्या नाहीत. विट्रिफाइड व्हीलला एक्सपायरी नाही, पण भिजलेलं व्हील एका बाजूला पाणी धरून जड होतं आणि फिरताना थरथरतं, कोरडं होऊ द्या, वाजवून बघा, मगच लावा. ठेवताना डिस्क सपाट एकावर एक, मोठं व्हील उभं, आणि त्यांच्यावर पान्यांची पेटी नको.